सव्वा किलोची चोरी

"हा कर."

शिदू वस्ताद तालमीच्या दारात आडवे उभे होते. मी तोंड उघडून मोठ्यांदा 'हा' केलं. वस्तादांनी डोळे मिटले, नाक पुढे आणलं आणि अत्तर पारखावं तसा माझा श्वास पारखला.

"लवंग," ते म्हणाले. "आन् लवंगेच्या खाली?"

"खाली काय असणार वस्ताद? आमटीभात."

"आमटीला तंबाखूची फोडणी देती व्हय रं तुझी बायको?"

माझ्या मागे उभा असलेला नेमगोंडा फिसकन हसला. वस्तादांनी त्याला दंडाला धरून पुढे ओढलं. "तू काय हसालायस? हा कर."

नेमूने पेरूचा पाला चघळला होता. तोही पकडला गेला. तालमीतल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा होता, कुणी बडीशेप खाऊन यायचा, कुणी कच्चा कांदा, आणि वस्तादांना सगळे उपाय पाठ होते. अडचण एवढीच होती की आम्ही निम्मे लोक फाउंड्रीतले. सिगारेट ओढली नाही तरी आमच्या अंगाला, केसांना, बनियनला धुराचा वास असायचाच. त्यामुळे वस्तादांचा संशय पक्का असला तरी पुरावा कधी पक्का नसे.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी मोल्डर होतो. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. नेमगोंडा, म्हणजे नेमू, माझ्या पुढच्या खात्यात, फेटलिंगला. मी ओतलेला माल गार झाला की तो त्याच्या कडा घासून साफ करायचा. सात वर्षं झाली तरी दोघेही टेंपररी. दिवसभर छातीत धूर आणि वाळू भरून घ्यायची आणि जेवणाच्या सुट्टीत वाळूच्या ढिगामागे जाऊन सिगारेट पेटवायची. माझं तेव्हा असं ठाम मत होतं की आमच्या धंद्यातल्या माणसाला सिगारेट म्हणजे त्यातल्या त्यात स्वच्छ हवा. माझ्या दिवसाला पंधरा-सोळा व्हायच्या, नेमूच्या दहाएक.

आणि तरीही आम्ही तालमीतले सगळ्यांत जास्त वजन उचलणारे दोघे होतो. डेडलिफ्ट नावाचा प्रकार. जमिनीवरचा, टोकांना लोखंडी प्लेटी अडकवलेला बार वाकून धरायचा आणि सरळ उभं राहायचं. याहून सोपा खेळ जगात नाही, फक्त बार उठत नाही. मी एकशे सत्तर किलो उचलायचो, नेमू एकशे पासष्ट. दोन वर्षं हे आकडे हलले नव्हते. मी ते नशिबावर ढकललं होतं.

त्या वर्षी आमच्या कारखान्यातले म्हातारे रामू सुतार निवृत्त झाले आणि कायमची एक जागा रिकामी झाली. दावेदार दोनच, मी आणि नेमू. हजेरी सारखी, काम सारखं, आमच्यासाठी शब्द टाकणारे पाहुणेसुद्धा तोलामोलाचे. मालक मगदूमसाहेब व्यायामाचे शौकीन. त्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "एक मेला कामगारांची डेडलिफ्ट स्पर्धा आहे. तुम्हा दोघांत जो जास्त उचलेल त्याला कायम करतो." युनियनचा पुढारी म्हणाला, ही काय पद्धत झाली का? मालक म्हणाले, "मग चिठ्ठ्या टाकू?" पुढाऱ्याने चहा संपवला आणि तो उठला.

मला ती जागा हवी होती. हवी होती म्हणजे, मी बायको आणि मुलीसह मेव्हण्याच्या घराच्या माळ्यावर राहत होतो. तिथे सरळ उभं राहिलं की डोकं पत्र्याला लागायचं. मेव्हणा माणूस चांगला, पण रोज जेवताना विचारायचा, "दाजी, कायमचं काय झालं?" मालन मान खाली घालून भाकरी वाढायची. कायम झालो असतो तर कारखान्याच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या असत्या, आणि त्या खोल्यांना चांगलं दहा फुटांवर छत होतं.

स्पर्धेत नाव जायचं ते तालमीमार्फत, म्हणजे वस्तादांच्या सहीने. म्हणून त्या दिवशी वास घेऊन झाल्यावर वस्तादांनी आम्हा दोघांना मारुतीच्या फोटोपुढे उभं केलं.

"आता वास घेणं बंद," ते म्हणाले. "माझं नाक म्हातारं झालं. आजपासनं बार सांगंल. दोघांनी बी सिगारेट सोडायची. रात्री नवाला झोपायचं. ती फरसाण-भजी बंद, दूध-शेंगदाणं चालू. दहा आठवडं हायत. दहा आठवड्यांत जो एकशे ऐंशी उचलंल त्याचं नाव मी धाडणार. ज्याला उचलणार न्हाई, तो ओढालाय असं मी समजणार."

"आणि ओढत नसला, तरी उचललं नाही तर?" मी विचारलं.

"तसं हुत न्हाई. माणूस खोटं बोलतो भैरू. बार बोलत न्हाई."

मी सिगारेट सोडली. चार दिवस. त्या चार दिवसांत मी मालनवर ओरडलो, मेव्हण्याशी भांडलो, मुलीच्या बाहुलीवर पाय दिला आणि एक आख्खा साचा फोडला. पाचव्या दिवशी वाळूच्या ढिगामागे गेलो आणि दोन ओढल्या. इतकं बरं वाटलं की मला रडूच आलं. मनाशी म्हटलं, शेवटचे दोन आठवडे सोडू, तेवढ्याने होईल. सिगारेट ओढणाऱ्या माणसाचं हिशेबाचं डोकं असंच चालतं.

पण मधल्या काळात बार चढायला हवा होता, आणि बार ढिम्म. एकशे बहात्तर लावलं की गुडघ्यापर्यंत यायचं आणि तिथे मला धाप लागायची. छातीत कुणीतरी ओलं पोतं कोंबल्यासारखं व्हायचं.

तिसऱ्या आठवड्यात वस्तादांनीच मला वाट दाखवली, बिचाऱ्यांना ठाऊक नसताना. एकशे ऐंशी लावायला वीस-वीस किलोच्या आठ प्लेटी लागतात, बाजूला चार-चार, आणि मधला बार वीसचा. तालमीत वीसच्या सहाच होत्या, त्यातल्या दोन तडकलेल्या. वस्ताद म्हणाले, "भैरू, तू मोल्डर हायस. ह्या जुन्या घिऊन जा, वितळव, वर मालकांकडनं थोडं लोखंड माग आन् आठ नव्या ओतून आण." मालकांनी आनंदाने परवानगी दिली.

प्लेट ओतायची तर आधी लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबला की साचा तयार होतो. नमुना बाहेरच्या एका सुताराकडून बरोबर मापाचा आला होता. मी तो टेबलावर ठेवला आणि बराच वेळ बघत बसलो. मग रंधा घेतला आणि मागच्या बाजूने जेमतेम दीड मिलिमीटर लाकूड काढलं. डोळ्याला कळणार नाही इतकं. पहिली प्लेट ओतून काट्यावर ठेवली. पावणेएकोणीस किलो. प्लेटीमागे सव्वा किलो कमी, आठ प्लेटींचे दहा किलो. म्हणजे नव्या प्लेटींचं एकशे ऐंशी हे माझं जुनं एकशे सत्तरच होतं. वस्तादांच्या बारला मी खोटं बोलायला शिकवलं.

धाकधूक एकच होती. प्लेटी साफ करायला नेमूकडेच जाणार होत्या. तो एकेक उचलून घासायला लागला तसा मी जवळ जाऊन उगाच खोकलो.

"कशा झाल्यात?"

"झकास," नेमू म्हणाला. त्याने त्यांना काळा रंग लावला आणि पांढऱ्या रंगाने मोठ्या प्रेमाने वीस-वीस असा आकडा काढला. त्याचं अक्षर सुंदर होतं.

त्यानंतरचे आठवडे मी नाटक केलं. सातव्या आठवड्यापर्यंत मी एकशे बहात्तर, पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर असा मुद्दाम हळूहळू चढलो. दर वेळी दात-ओठ खाऊन, घाम गाळून, शेवटी 'जय बजरंग' अशी आरोळी ठोकून. खरं तर ती वजनं मी दोन वर्षं उचलतच होतो. वस्तादांचा आनंद बघवत नव्हता. ते सगळ्या तालमीला गोळा करून माझ्या छातीवर थापा मारायचे. "बघा! फुफ्फुस उघडलं! सात आठवड्यांत आठ किलो! आन् तुम्ही काय करालायसा? धूर गिळालायसा!"

झालं असं की माझं बघून तालमीतल्या चार-पाच जणांनी खरंच सिगारेट सोडली. एकाने तर गुटखाही सोडला. त्यांच्या बायका मालनला वाटेत थांबवून माझं कौतुक करायच्या. मालन घरी येऊन ते सांगायची, आणि मी खिडकीशी उभा राहून, तोंड बाहेर काढून, ऐकायचो.

ढिगामागे मी चोरून जायचो ते नेमूला कळायला वेळ लागला नाही. एके दिवशी मी पेटवतोय तोच तो समोर उभा. माझ्या हातातून काडी पडली.

"वस्तादांना सांगू नको नेमू. पाया पडतो."

"मी कशाला सांगू?" तो म्हणाला. "ओढ निवांत. मी बघतो कोण येतंय का."

आणि तो खरंच ढिगाच्या कडेला पाठ करून उभा राहिला. मला भरून आलं. असा प्रतिस्पर्धी कुणाला मिळतो? दुसऱ्या दिवशी त्याने खिशातून अर्धं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. "मी तर सोडली. ह्या सहा उरल्यात. टाकायच्या म्हंजे जिवावर येतंय."

"तू सोडलीस? पुरती?"

"पुरती. लई तरास झाला पयल्यांदा. आता झोप चांगली लागती."

नेमू जैन, अंडंसुद्धा खात नव्हता. दूध, शेंगा, उसळी, केळी यांवर त्याचा सगळा कारभार. रात्री नऊला झोपायचा आणि पहाटे पाचला वस्तादांकडून किल्ली घेऊन तालीम उघडायचा. मी त्याला ब्रह्मचारी महाराज म्हणायला लागलो. "काय महाराज, आज किती शेंगा?" तो नुसता हसायचा. पण त्याचे खांदे भरत चालले होते आणि कारखान्यात लोखंडाचा ढीग उचलताना तो पूर्वीसारखा मधे थांबत नव्हता. माझ्या नजरेला ते दिसत होतं. मी दुसरीकडे बघायचो.

नवव्या आठवड्यात, एका सोमवारी, आम्ही दोघांनीही वस्तादांसमोर एकशे ऐंशी उचललं. आधी मी, मग नेमू. बाजूला चार-चार प्लेटी, पांढरे आकडे लखलखतायत. माझ्या वेळी डोळ्यांपुढे काजवे चमकले. नेमूने मात्र सहज उचलून सहज ठेवलं. वस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

माझा पुढचा बेत तयार होता. स्पर्धेच्या दिवशी कंबर धरली म्हणायचं आणि एकशे साठपासून सुरुवात करायची. मग एकशे सत्तर. नेमू बिचारा भाबडेपणाने एकशे ऐंशी लिहून देईल आणि आपटेल. स्पर्धेच्या प्लेटी खऱ्या असणार, आणि एकदा लिहून दिलेला आकडा नाही उचलला तर खाली येता येत नाही. तीन संधी, तिन्ही वेळा तोच आकडा नाहीतर वरचा. तिन्ही हुकल्या की नावापुढे भोपळा. हे माझ्या मनात होतं. माझा मित्र ढिगाच्या कडेला उभा राहून माझ्यासाठी पहारा देत होता तेव्हाही ते मनात होतं. आज सांगायला लाज वाटते, पण होतं.

एक मेच्या सकाळी मैदानावर मांडव घातला होता. आत लाकडी फळ्यांचा चौथरा, त्यावर चकचकीत बार आणि रंगीत प्लेटी, समोर तीन पंच. प्रत्येकापाशी एक पांढरा आणि एक लाल दिवा. दोन पांढरे लागले की वजन मान्य. मालक पहिल्या रांगेत, डोक्याला फेटा बांधून. आमचं वजन करून झालं आणि आम्ही टेबलापाशी आकडा लिहून द्यायला गेलो. मी चेहरा वाकडा करून कमरेला हात लावला.

"वस्ताद, कंबर जरा..."

"कंबर-बिंबर काय न्हाई," वस्ताद म्हणाले. मग टेबलापलीकडच्या माणसाला, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, "लिवा. दोघांचं बी एकशे ऐंशी! माझ्या डोळ्यांदेखत उचललंय. सिगारेट सोडल्याली पोरं हायत ही!" आणि ते मालकांना नमस्कार करायला गेले.

टेबलावर दोन कागद पडले होते. नेमूने पेन उचललं. अक्षर चांगलं म्हणून दोघांचेही कागद तोच भरायला बसला. नाव लिहिलं, कारखाना लिहिला, अंगाचं वजन लिहिलं. आकड्याच्या रकान्यापाशी थांबला आणि वर माझ्याकडे बघितलं.

"भैरू, किती लिहू?"

"म्हंजे?"

"माझं किती लिहू? प्लेटी तू ओतल्यास. तुला जास्त माहीत."

त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रोजचा नेमू. पेनाचं टोक कागदाच्या वर धरून बसलेला. मागे कुणीतरी हलगी वाजवत होतं. मला वाटलं, सांगावं. आत्ता सांगून टाकावं की गड्या, दहा किलो वजा कर. पण सांगितलं की माझंही सगळं बाहेर येणार. वस्ताद, मालन, त्या बायका, मेव्हणा. आणि सांगितलं नाही तर तोही आपटेल, मीही आपटेन, भोपळ्याला भोपळा, मग मालकांना चिठ्ठ्याच टाकाव्या लागतील. चिठ्ठीत निम्मा वाटा तरी माझा. एवढा सगळा विचार मी तीन-चार सेकंदांत केला.

"लिही की," मी म्हणालो. "एकशे ऐंशी."

तो आणखी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "नक्की?"

"लिही रे. किती विचारालायस?"

"तुझं बी तेच?"

"तेच."

त्याने दोन्ही कागदांवर एकशे ऐंशी लिहिलं, सुंदर अक्षरात.

नेमू आधी गेला. त्याने हाताला खडूची पूड लावली, वाकला, बार धरला. मी दोन्ही हातांच्या मुठी आवळून मनात म्हणत होतो, उठू नको, उठू नको. बार हळू हळू उठला. गुडघ्यापाशी क्षणभर अडला, मग सुटला, आणि नेमू सरळ उभा होता. तिन्ही दिवे पांढरे. मांडव नुसता दणाणला. मी टाळ्या वाजवल्या, कारण मालक माझ्याकडे बघत होते.

माझी पाळी आली. बार धरला तेव्हाच कळलं. दोन महिने मी हाताला खोट्याची सवय लावली होती आणि हे खरं होतं. मी ओढलं. बार जमिनीपासून चार बोटं उठला आणि खाली गेला. दुसऱ्या वेळी गुडघ्यापर्यंत आला, आणि तिथे ते ओलं पोतं छातीत भरलं. तोंड उघडं टाकून मी हवा ओढत होतो आणि हवा आत जात नव्हती. तिसऱ्या वेळी मी 'जय बजरंग' म्हणालो. पहिल्या रांगेतलं कुणीतरी हसलं. बार दोन बोटंसुद्धा हलला नाही.

मी चौथऱ्यावरून खाली उतरलो आणि पायरीवर बसून खोकायला लागलो. पाच मिनिटं खोकत होतो. वस्ताद धावत आले.

"कंबर?" त्यांनी विचारलं. "सकाळी म्हणालातास तू. मीच ऐकलं न्हाई. माझं चुकलं लेकरा."

"व्हय," मी म्हणालो. "कंबर."

त्या म्हाताऱ्याने मला पालथं झोपवून सगळ्या मांडवादेखत माझ्या धडधाकट कमरेला तेल लावलं. त्या दिवशी मला सगळ्यात जड गेलं ते हेच.

नेमूने पुढे एकशे पंच्याऐंशीही उचललं. मालकांनी तिथेच त्याला कायमचं पत्र दिलं. लोक पांगल्यावर ते माझ्यापाशी आले, फेटा काढून हातात घेतलेला.

"भैरवनाथ, वाईट वाटलं," ते म्हणाले. "खरं सांगू? काल मी हिशेबनिसाला घेऊन बसलो होतो. दोन जागा निघत होत्या. म्हटलं, दोघांनी चांगली झुंज दिली की दोघांनाही देऊन टाकू, चकित करू. तू दीडशे उचललं असतंस तरी चाललं असतं. पण युनियनपुढे मी भोपळ्याला कायम कसा करू, सांग बघू?"

मी म्हणालो, "खरंय साहेब." दुसरं काय म्हणणार?

घरी जायला नेमूने मला त्याच्या लुनावर मागे बसवलं. दोघांचं मिळून दीडशे किलो, ती गाडी रडत चालली होती. वाटेत उसाच्या गुऱ्हाळापाशी त्याने थांबवली. आम्ही बाकड्यावर बसलो. मग रसाचा ग्लास हातात फिरवत तो म्हणाला, "प्लेटी हलक्या हुत्या, ते मला पयल्याच दिवशी कळलंवतं."

मी त्याच्याकडे बघितलं.

"दिवसाला दीडशे नग उचलतोय मी, सात वर्षं," तो म्हणाला. "वीस किलो म्हंजे काय ते हाताला कळतंय. एक प्लेट काट्यावर ठेवून बघितली. मग मी पहाटे जाऊन एकशे नव्वद लावायचो. म्हंजे खरं एकशे ऐंशी."

"मग बोलला का नाहीस?"

"का बोलू?" तो शांतपणे म्हणाला. "तू माझ्यापेक्षा ताकदीचा हायस, पयल्यापासनं. तू खरंच सिगारेट सोडली असतीस तर मला जड गेलं असतं. तू ओढालायस ते मला सोयीचं हुतं. म्हणून तर राखण केली. म्हणून तर पाकीट दिलं."

माझं डोकं तापलं. मी ग्लास आपटला. "आणि मी तुला मित्र समजत होतो! ढिगामागे उभा राहिलास तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, भडव्या!"

"माझ्या बी घरात सहा माणसं हायत," तो म्हणाला. "आन् तू? तू काय करालातास? मी एकशे ऐंशीला आपटावं, हेच की."

मी आपटलेला ग्लास परत उचलला. रस गोड होता, तो पीत राहिलो.

"टेबलापाशी मी तुला विचारलं," नेमू थोड्या वेळाने म्हणाला. आता तो माझ्याकडे बघत नव्हता, रस्त्याकडे बघत होता. "आठवतंय? दोनदा विचारलं. रात्रभर डोक्यात तेच हुतं. म्हटलं, सात वर्षं शेजारी काढल्यात. ह्यानं आत्ता मला खरं सांगितलं, तर मी बी सांगायचं. तुझ्या कागदावर एकशे साठ लिहिणार हुतो मी. वस्तादांना काय सांगायचं ते मी सांगितलं असतं. शप्पथ, भैरू."

"मी म्हणालो, लिही."

"तू म्हणालास लिही. मग लिहिलं."

चरकातून ऊस करकरत जात होता. एकशे साठ किलो मी अंगात ताप असतानासुद्धा उचललं असतं.

नेमूने ग्लास खाली ठेवला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याचा चेहरा पडला होता. दिवसभरात पहिल्यांदाच तो जिंकलेला दिसत नव्हता.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तू एकशे साठ उचललं असतंस, तरी काय हुणार हुतं? जागा एकच हुती. दोघातला एकजण मागं राहणारच हुता. व्हय का न्हाई?"

"व्हय," मी म्हणालो.

मालक काय बोलले ते मी त्याला सांगितलं नाही. मला कायम व्हायला पुढे साडेचार वर्षं लागली. सिगारेट त्याआधी सुटली, दोन वर्षं आधी, आणि त्या वर्षी मी एकशे ब्याण्णव उचललं. गेल्या वर्षी नेमू निवृत्त झाला, त्याच्या सत्काराला मी भाषण केलं. तेव्हाही सांगितलं नाही.